वाघोजीचा पहारा

संक्रांत जवळ आली की आमच्या घरामागच्या शाळेत तालमी सुरू होतात. दुपारी तीनच्या सुमारास लाउडस्पीकर खरखरतो, कुणी बाई 'एक, दोन, तीन, चार' म्हणत टाळ्या वाजवतात आणि पन्नास पोरींचे पाय एकदम फरशीवर आपटतात. मी तेव्हा बहुतेक तीळ भाजत असते. कढईत तीळ तडतडायला लागतात आणि माझ्या पोटात, बेंबीच्या जरा मागे, काहीतरी आवळून येतं. सत्तरी आली माझी. दात गेले, गुडघे गेले, हे आवळणं काही गेलं नाही. सुनेला वाटतं मला थंडी बाधते. ती शाल आणून देते आणि मीही मुकाट्यानं घेते. काय सांगणार? पंचावन्न वर्षांपूर्वी मी मिशा लावून लोकांना हसवत होते, त्याची ही भीती आहे, हे कुणाला खरं वाटेल?

नाशिकची थंडी तेव्हा फार कडक असायची. सकाळी नदीवर धुक्याचा पडदा असे आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसांची नुसती डोकी दिसत. आम्ही तांबट आळीत राहायचो. आमची आळी उजाडायच्या आत जागी व्हायची ती हातोड्यांच्या आवाजानं. तांब्याच्या पत्र्यावर ठोके पडत ते दिवेलागणीपर्यंत, घरोघर. अशा घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळीच भावंडं मोठ्यानं बोलायचो. लग्नाकार्यात आई मला सारखी चिमटे काढायची, की हळू बोल, हळू बोल. मुलींच्या हायस्कुलात मात्र त्याच आवाजानं माझं नशीब उघडलं, किंवा फिरवलं म्हणा.

आमच्या शाळेत दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला संगीत नाटक व्हायचं. भर दुपारी, म्हणजे दिवे लागायच्या आत सगळ्या बायका घरी पोचतील. पुरुषांना मज्जाव होता. राजा, प्रधान, ऋषी सगळी कामं मुलीच करायच्या. नाटक लिहायच्या आमच्या मनोरमाबाई. वय पंचविशीचं, काडीसारख्या सडपातळ, मराठी आणि इतिहास शिकवायच्या. त्यांच्या नाटकात एक राणी असायचीच, कारण कमल शाळेत होती. कमलचा आवाज असा होता की तिनं सूर लावला की तान्ही मुलंसुद्धा रडायची थांबत. राणीचा महाल मांडायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यापुढे काहीतरी विनोदी करायचं, अशी रीत होती. त्या 'काहीतरी'साठी बाईंनी एक पात्र रचलं, वाघोजी नावाचा पहारेकरी. नाव वाघाचं, काळीज उंदराचं. त्याचा आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोचायला हवा होता, म्हणून मी.

इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, होते मी त्या पहिल्या वर्षी. पाठांतर चोख होतं. तालमीत मी एकदाही चुकले नाही, आणि एकदाही कुणी हसलं नाही. प्रत्यक्ष खेळाच्या दिवशी विंगेत उभी राहिले, समोर बायकांची ती गर्दी दिसली आणि माझे गुडघे सुटले. शब्दशः सुटले. बाईंनी मागून हलकेच ढकललं तेव्हा मी रंगभूमीवर आले ती लटपटतच. हातात पडद्याच्या काठीला टिनाचं टोक लावून केलेला भाला होता. तो फळ्यांवर टेकवला तर हाताच्या कापऱ्यानं त्याचा खडखडाट सुरू झाला. मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला, तशी खडखड वाढली. आणि मग हशा आला. पुराचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं तसा तो ओळीमागून ओळ वर येत गेला. मला कळेना काय चुकलं. मला रडू येत होतं, नि त्या जास्तच हसत होत्या.

खेळ संपल्यावर बाई म्हणाल्या की ती खडखड पुढच्या वर्षीही ठेव. मी मान हलवली. ती ठेवली नव्हती, झाली होती, हे सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या वर्षी ते कुणाकडून शिकून घ्यावं लागलं नाही, आरशासमोर बसावं लागलं नाही. विंगेत उभं राहिलं की भीती वेळेवर हजर व्हायची. वडिलांनी तर त्या वर्षी माझ्यासाठी पातळ तांब्याचा टोप घडवला. त्यांना नाटकाला येता येत नव्हतं, पण टोपावर त्यांनी वाघाचं तोंड ठोकलं होतं आणि तो मुद्दाम दोन बोटं मोठा केला होता, म्हणजे डोळ्यांवर घसरावा. घरी मला म्हणायचे, जरा करून दाखव. मला त्यांच्यापुढे एक ओळ म्हणता यायची नाही.

गावात मात्र मी वाघोजी झाले. बाजारात बायका मला थांबवून हसायच्या. एखादी म्हणायची, कशी गं कापतेस इतकं खरं? मी लाजायचे. संक्रांतीआधी आठ दिवस माझ्या घशाखाली भाकरी उतरायची नाही, झोपेत दात वाजायचे, हे आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आई एकदा म्हणाली, नको करूस मग. पण कुणी आपल्याला हसावं याची एक चटक असते. ती लागली की माणूस आपली भीतीसुद्धा जपून ठेवतो.

तिसरं वर्ष. मी इंग्रजी पाचवीत होते. नाटकाचा हॉल शाळेच्या माडीवर होता. खाली उतरायला एकच लाकडी जिना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकीनं अंग चोरावं इतका अरुंद. खिडक्यांना गज. त्या दिवशी अडीचशे-तीनशे बायका आल्या असतील. हळदीकुंकू झालं, तिळगूळ वाटला गेला, लेकरांनी हलव्याचे दाणे सतरंजीवर सांडले. तिसऱ्या ओळीत आई बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचा बाळू. तिचं जांभळं लुगडं मी विंगेतून हेरून ठेवलं होतं. मिशा डिंकानं चिकटवलेल्या, वरच्या ओठाला खाज सुटलेली. पेटीवर आमचे रहीममास्तर. रंगभूमीच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याच्या पुढे ते बसायचे. सगळ्या हॉलमध्ये तेवढेच एक पुरुष, आणि तेही म्हातारे, मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. तबलजी नव्हता. मास्तर पायानं फळीवर ताल धरायचे.

पहिला अंक झाला. रस्त्याचा पडदा पडला, मागे महाल मांडायला घेतला आणि मी पुढे आले. भाला खडखडला, टोप घसरला, हशा झाला. मी माझं पद सुरू केलं. बाईंनीच ते रचलं होतं:

पाऊल वाजलं, पान असेल;
पान हाललं, वारा असेल;
वारा थांबला, आता कोण असेल?

शेवटच्या प्रश्नाला मागे वळून बघायचं आणि आपल्याच सावलीला घाबरून बसकण मारायची. मी वळले. पडद्याच्या खालच्या कडेतून धुराची एक बारीक पट्टी येत होती.

काय झालं होतं ते नंतर समजलं. राणीच्या शालूला इस्त्री करायला कोळशाची इस्त्री पेटवली होती. ती कुणीतरी एका खोक्यावर ठेवली. महालाचा पडदा सोडताना तो खोक्यावरच्या इस्त्रीला घासला. तेलरंगानं रंगवलेलं कापड ते. क्षणात पेटलं.

मला तेव्हा एवढंच कळलं की पाठीला ऊब लागते आहे. पौषातल्या दुपारी, त्या गार हॉलमध्ये, पाठीला छान ऊब. उजव्या विंगेत बाई उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यामागे केशरी उजेड हलत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात वर करून गोल फिरवला. तालमीत हात फिरवला की मी अर्थ घ्यायचे, चालू ठेव. मी चालू ठेवलं.

पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कोपऱ्यातून मास्तर पेटी न थांबवता हळूच म्हणाले, "बेटा, काहीतरी जळतंय."

मी मान हलवली. त्यांना ती दिसणार नव्हती. मी गात राहिले आणि तेही वाजवत राहिले.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही, तुकड्यांत आठवतं. मी भाल्याला घाबरले. मी टोपाला घाबरले. पुढच्या ओळीतल्या एका बाईच्या नथीला घाबरले, तर ती बाई हसता हसता शेजारणीच्या अंगावर कलंडली. माझे दात वाजत होते नि त्यांचा आवाज मागच्या बायकांना ऐकू जात होता. मागे पडद्याआड पाणी ओतल्याचे, काहीतरी फरफटत नेल्याचे आवाज होत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून मी ओरडून गात होते, आमच्या आळीच्या आवाजात. धुराचा वास आता समोरही गेला होता. कुणी बाई नाकाला पदर लावून काहीतरी म्हणाली. मी लगेच नाक धरून म्हटलं की राणीसाहेबांनी आज स्वतः स्वयंपाक केलाय. असं वाक्य नाटकात नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही. सगळा हॉल हसला. नाकाला पदर लावलेली बाईही हसली आणि बसून राहिली.

आणि आई. आईनं पदरानं डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. मग तिनं बाळूला दोन्ही हातांत धरून उभं केलं, की बघ, ताई बघ. बाळूनं माझ्याकडे बोट केलं. माझी आणि तिची नजर एक झाली. मी तिला तेवढ्यात सांगू शकले असते. एक शब्द पुरला असता, किंवा शब्दही नको होता, मी नुसती मिशी काढली असती तरी तिला कळलं असतं. मी डोळे फिरवले आणि बसकण मारली.

किती वेळ गेला? बाईंच्या मते आठ-दहा मिनिटं. शेवटी त्या विंगेतून बाहेर आल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. हात जोडून शांतपणे म्हणाल्या, राणीचं काम करणाऱ्या मुलीला बरं वाटत नाही, नाटक इथंच थांबवतो, मुलं लहान आहेत तेव्हा एकेका ओळीनं सावकाश उतरा. बायका हळहळत, तिळगुळाच्या पुड्या सांभाळत उतरल्या. शेवटची बाई खाली गेल्यावर मी पडद्याच्या मागे गेले. महालाचं काहीच उरलं नव्हतं. फळ्यांवर काळं पाणी साचलं होतं, आणि कमल भिंतीला टेकून बसली होती. जळता पडदा तिनं हातांनी ओढून खाली पाडला होता. तिचे पंजे ओल्या फडक्यात गुंडाळले होते. ती मला म्हणाली, "तू अजून गातेच आहेस असं ऐकू येत होतं, म्हणून वाटलं सगळं ठीक आहे."

मास्तरांना हात धरून जिना उतरवायला मीच गेले. अर्ध्या जिन्यात ते थांबले. म्हणाले, तू थांबली असतीस तर मी पेटी मिटली असती. तू गात होतीस म्हणून मी बसलो. ते कौतुकानं म्हणाले की आणखी कशानं, मला समजलं नाही. 

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तांबटाच्या पोरीनं तीनशे बायका वाचवल्या. त्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली असती तर, असं म्हणून लोक कानाला हात लावायचे. शाळेनं बाईंचा सत्कार केला, मला एक चांदीचं फूल दिलं. वडील दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले. घरी एकटी आई काही बोलली नाही. ती कामं करत होती, वाढत होती, बाळूला पाजत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

पाचव्या दिवशी ती माझ्या ओठावरचा डिंक खोबरेल तेलानं काढायला बसली. कडक झालेला तुकडा निघत नव्हता. काढता काढता तिनं विचारलं, "तू मला बघितलं होतंस ना?"

मी हो म्हटलं.

"बाळू मांडीवर होता."

मी पुन्हा हो म्हटलं.

"मग मला का नाही उठवलंस?"

मी म्हटलं की तू उठली असतीस तर सगळ्या उठल्या असत्या. ती म्हणाली, ते कळतंय मला, चार दिवस तेच घोकतेय. मग मी म्हटलं की बाईंनीच खूण केली होती, चालू ठेव म्हणून. यावर तिची मान हलली. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटल्यासारखा झाला. तिनं ओठ पुसला आणि उठून गेली.

मलाही ते उत्तर पुष्कळ वर्षं पुरलं. लग्न झालं, नांदगावला गेले, पोरं झाली. कधी अपरात्री दचकून जागी व्हायचे तेव्हा स्वतःला सांगायचे, बाईंची खूण होती. माझा मुलगा इंजिनिअर झाला. त्याला हे सगळं सांगितलं तर त्यानं कागदावर जिन्याची रुंदी मांडून दाखवलं की आई, तू केलंस तेच बरोबर. मी तो कागद ठेवून घेतला. पण आग विझली म्हणून ते बरोबर ठरलं, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. रस्त्याचा पडदा पेटायला हातभर अंतर उरलं होतं. तो पेटला असता तर? मी तीनशे बायकांना हसवत हसवत बसवून ठेवलं असतं. माझ्या आईला. हा विचार आला की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

मनोरमाबाई निवृत्त होऊन इगतपुरीला भावाकडे राहत होत्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा माझीच पन्नाशी उलटली होती. बाहेर घाटातला पाऊस कोसळत होता. चहा झाला. कमलचा विषय निघाला. तिचे तळवे बरे झाले, पण पेटीवर बोटं वळेनात. गाणं मात्र तिनं सोडलं नाही. मग मी सहज म्हणून गेले, बाई, तुम्ही हात फिरवलात म्हणून निभावलं, नाहीतर मी पळालेच असते. बाईंनी हात पुन्हा तसाच गोल फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "इंदू, मी तुला 'आवर' म्हणत होते. आवर आणि त्यांना खाली जाऊ दे. तू उलट पुन्हा सुरुवात केलीस तेव्हा माझा धीर सुटला. ओरडले असते तर गोंधळ झाला असता. मग पाण्याकडे धावले."

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे त्यांना शाबासकी देत होते, आणि त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर सगळं पोरीच्या डोक्यावर येईल. मला त्यांचा राग आला नाही. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, त्याकडे बघत मी बसले. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या एका घाबरलेल्या मुलीनं एकटीनंच ते ठरवलं होतं, आणि आपण ठरवतोय हे तिला माहीतही नव्हतं. आई तोवर गेली होती. तिला दिलेलं उत्तर आता दुरुस्त करता येणार नव्हतं.

आग लागली त्याच्या पुढच्या वर्षीची थंडी आली तेव्हा हे काहीच मला ठाऊक नव्हतं. मार्गशीर्ष लागला आणि बाईंनी विचारलं, वाघोजी करशील ना? मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. घरी आई चिंचेनं घागरी घासत बसली होती. शाळेतला निरोप कुणाकडून तरी तिच्या कानावर आला होता. घागरीतून मान वर न काढता ती म्हणाली, "तू कर."

मी विचारलं, तू येशील?

"येईन. पण मी दाराशी बसेन."

ती आली. बसली नाही, उभीच राहिली, जिन्याच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकून, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. बाळू आता पावणेदोन वर्षांचा होत आला होता, तरी तिनं त्याला कडेवर घट्ट धरलं होतं. मी रंगभूमीवर आले. भाला खडखडला, टोप घसरला, बायका हसल्या. आई हसत नव्हती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या पाठीमागच्या पडद्याची खालची कड ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासत होती. मी पाऊल वाजलं म्हटलं, पान हाललं म्हटलं. मग तिची नजर हळूहळू वर आली आणि माझ्या कापणाऱ्या गुडघ्यांवर थांबली. मी दुसरं कडवं घेतलं तेव्हा तिनं बाळूला कडेवरून खाली उतरवलं आणि उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला.